भाऊजींची दारू सुटली

दारू सुटली की माणूस सुधारतो, असं ज्यानं कुणी पहिल्यांदा सांगितलं तो आमच्या इचोड्याच्या घरात चार दिवस राहिलेला नसावा. राहिला असता तर बोलण्याआधी त्यानं दहादा विचार केला असता. मी हे रागानं लिहिते आहे, आणि राग लपवत बसायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

मी लग्न होऊन पांढरकवड्याकडून आंध्रातल्या इचोड्याला आले ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. सासरचं कांदे-बटाटे-लसणाचं दुकान होतं, नागपूर-हैदराबाद रस्त्याला अगदी लागून. घरात सासूबाई, आमचे हे आणि धाकटे दीर. दीर तेव्हा आदिलाबादला कॉलेजात शिकत होते. शिक्षण सगळं तेलुगूत झालेलं, पण मराठी वाचायची भारी हौस. नव्या नवरीला पहिल्याच दिवशी विचारलं, "वैनी, रुखवतात लाडू-चिवडा लय आनला, पुस्तक एकबी नाही आनलं काऊन?" मीही म्हणाले, "लाडू खाऊन झाले का आनतो म्हना, तोवर डब्यावरचं लेबल वाचा." आमचं असं पहिल्यापासून जमलं.

पुढच्या वर्षी ते परीक्षा अर्धी टाकून घरी आले. म्हणाले, ट्रकवाले हॉर्नमधून मला शिव्या देतात. आता आमच्या रस्त्यावर दिवसभर ट्रकच ट्रक. ते दुकानात बसायचे ते कानात कापसाचे बोळे कोंबून. सुरुवातीला आम्ही हसलो, त्यांची नेहमीची थट्टा वाटली. मग ते ताटातला पहिला भाकरीचा तुकडा मांजरीला घालून, ती जगते का ते बघून जेवायला लागले. झोप तर उडालीच होती. तेव्हा आम्ही हसायचं थांबवलं.

झोप यावी म्हणून कुणा शहाण्यानं त्यांना शिंदीच्या, म्हणजे ताडीसारख्या दारूच्या, दुकानात नेलं. आमच्या भागातली शिंदी काही नुसती झाडाची नसायची. दुकानदार तिच्यात झोपेची पूड नाहीतर गोळ्या मिसळतो, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. ज्याच्या शिंदीनं माणूस लवकर आडवा होतो त्याच्याकडे गर्दी जास्त. भाऊजीही आडवे झाले. पोरगं एकदाचं झोपलं म्हणून सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. पुढे ते सकाळीच जायला लागले. एखाद्या दिवशी शिंदी मिळाली नाही तर हात थरथरायचे, भिंतीवर किडे दिसायचे, आणि ट्रक उभा असला तरी त्याचा हॉर्न ऐकू यायचा.

एकदा मी तावातावानं विचारलं, "काऊन पेता भाऊजी? डोक्यात आधीच गोंधळ, त्यात हे कशाले?"

ते अगदी शांतपणे म्हणाले, "वैनी, मी पेलो का ते ट्रकवाले झोपतेत. मी नाही, ते."

त्यांच्या आजाराबद्दल इतकं सरळ मला पुढे कुठल्याही शिकलेल्या माणसानं सांगितलं नाही. पण हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ होता? आम्ही त्यांना नागपूरला डोक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तोंडाचा वास घेतला आणि कागद बाजूला सारला. म्हणाले, "आधी ह्याची दारू बंद करून आणा. दारूवर गोळ्या देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी." बरं, म्हणून आदिलाबादला एक दारू सोडवण्याचं शिबिर लागलं होतं तिथे नेलं. तिथल्या गृहस्थांनी दोन प्रश्न विचारले, भाऊजींनी हॉर्नची हकीकत सांगितली, झालं. गृहस्थ आमच्या ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "हे डोक्याचं काम हाय. आधी ते बरं करून आना, मंग दारूचं पाहू." म्हणजे एकाला माणूस गळ्यापासून खाली हवा होता आणि दुसऱ्याला गळ्यापासून वर. मी तिथेच म्हणाले, "मंग आमी काय दोन गाड्यायनं पाठवू का यायले?" ह्यांनी माझा हात ओढला.

पुन्हा नागपूरला गेलो तेव्हा मी डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीवरून उठलेच नाही. बाहेर पेशंटची रांग, आत मी. शेवटी डॉक्टर वैतागले आणि गोळ्या लिहून दिल्या. वर बजावलं की दारू चालू असेल तर जबाबदारी तुमची. जबाबदारी तशीही आमचीच होती.

मग मी आपली एक रीत बसवली. संध्याकाळी भाकरीबरोबर गोळी माझ्या समोर घ्यायची, आणि शिंदीला जायचं ते गोळी उतरल्यावर, आणि हळूहळू कमी करत. मी लपवून काही दिलं नाही. त्यांना सांगून, हातावर ठेवून दिलं. भांडणं झाली, थुंकून टाकलेल्या गोळ्या मी अंगणातून उचलल्या, कधी त्यांनी मलाच ट्रकवाल्यांच्या बाजूची ठरवलं. पण वर्ष-दीड वर्षात कानातला कापूस निघाला. ते तराजू धरून बसायला लागले. शिंदी सुटली नाही, पण सकाळची बंद होऊन संध्याकाळवर आली. गिऱ्हाईक नसलं की जुनं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मध्येच एखादी बातमी मनानंच घालून मला फसवायचे.

मला हे पुष्कळ वाटत होतं. घरात एकट्या मलाच. आमच्या ह्यांना गावात मान खाली घालावी लागे, कारण गाव त्यांच्या भावाला 'येडा बेवडा' म्हणायचं, तोंडावर. सासूबाईंना वाटे की देवानं दिलेलं पोरगं एक तर पुरतं बरं व्हावं, नाहीतर आपल्या नशिबाला बोल लावून मोकळं व्हावं. मी म्हणायची, अहो, आठ आणे तर बरा आहे ना माणूस, तेवढा तरी राहू द्या. पण आठ आणे बरा असलेला माणूस कुणाला दाखवता येत नाही.

नव्वद साल उलटून गेलं होतं. सारा म्हणजे गावठी दारू, ती बंद करा म्हणून बायका रस्त्यावर यायला लागल्या होत्या, घरोघरी दारूचाच विषय. त्यात आमच्याकडे तेलुगू लोकांचं पाहून मराठी माणसांतही अय्यप्पाची माळ घालायची चाल पडत चालली होती. दिवाळीनंतर माळ घालायची, काळे कपडे, अनवाणी, पहाटे थंड पाण्यानं आंघोळ, जमिनीवर झोपायचं, मांस-मच्छी नाही, दारू नाही. मग डोक्यावर इरुमुडी म्हणजे पूजेचं गाठोडं घेऊन केरळात जाऊन यायचं. माळ असेपर्यंत त्या माणसाला कुणी नावानं हाक मारत नाही. आईसुद्धा 'स्वामी' म्हणते आणि वाकून नमस्कार करते. वर्षभर गटारात लोळणारे लोक माळेच्या दिवसांत थेंबाला शिवायचे नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्यात खोट काढायची नाही.

त्या वर्षी मी भाऊबीजेला माहेरी गेले. परत आले तर भाऊजी ओसरीवर काळी लुंगी नेसून, कपाळाला गंध लावून बसलेले. अंगात ताप, दातावर दात आपटत होते. शिंदी एकदम तोडली होती ना! मी धावत आत जाऊन गोळ्यांचा डबा पाहिला. रिकामा.

"आत्याबाई, गोळ्या कुठी हायेत?"

"फेकल्या," सासूबाई म्हणाल्या. "माळंत नशा चालत नाही."

"गोळी म्हंजे नशा?"

"मंग काय वो? शिंदीत काय मिसळतेत? गोळ्याच ना? ते पेऊन झोपते तसाच हे घेऊन झोपते. तूच त्याले संध्याकाळी नशा देत व्हती, अन् म्हने औषध."

सगळ्या देशात कुणाला हे सुचलं नसतं, पण आमच्या गावात सुचलं, कारण आमच्या गावात गोळी म्हणजे शिंदीत पडणारी वस्तू. भाऊजी गोळी घेऊन पेंगायचे हेही खरं होतं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मायनं केलं ते बरंच केलं. एकदा सगळंच सुटू दे." मी नवीन गोळ्या आणते म्हटलं तर घरात असा गोंधळ झाला की शेजारचे दाराशी आले. त्यात माझे बाजूला बसायचे दिवस आले. माळेच्या घरात ते फार कडक, म्हणून मला मागच्या पडवीत घालवलं, स्वामींची नजर पडायला नको. ज्यांच्या थुंकलेल्या गोळ्या मी उचलल्या होत्या त्यांच्या नजरेला मी चालत नव्हते. पडवीत बसून मी नुसती चरफडत होते.

ताप आठवड्यात उतरला. हात थरथरायचे थांबले. शिंदी खरंच सुटली, आणि गाव थक्क झालं. आणि मग गोळीशिवाय जे व्हायचं ते हळूहळू व्हायला लागलं. भाऊजी झोपेनासे झाले. भजनात डोळे मिटून एकटेच पुटपुटायचे, मध्येच हसायचे, मान डोलवून कुणाला तरी होकार द्यायचे. मी ते ओळखत होते, मला त्यातला प्रत्येक ताल पाठ होता. पण इतरांना वाटलं की भाऊजींवर देव प्रसन्न झाला. बायका पोरांना घेऊन पाया पडायला यायला लागल्या. 'येडा बेवडा' म्हणणारा पानवाला हात जोडून "स्वामी, बसा" म्हणायचा. घरात मी एकटीच त्यांना 'भाऊजी' म्हणत राहिले, आणि त्यावरून सासूबाईंची रोज बोलणी खात राहिले.

शेवटी मी गुरुस्वामींकडे, म्हणजे ज्यांच्या हातून माळ घालतात आणि जे यात्रेला नेतात त्यांच्याकडे, गेले. ते लोखंडी सामानाचे व्यापारी, तेलुगू माणूस, वर्षानुवर्षं जाणारा. मी माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कपाळावर हात मारला.

"दवा को किसने मना किया, अम्मा? मैं खुद शुगर की गोली खाता हूँ. मेरे को पूछना था ना!"

कुणी विचारलंच नव्हतं. नवीन माळकऱ्यांचं घर, नेम जास्तच कडक असेल असं धरून चाललेलं. मी गुरुस्वामींना तिथूनच घरी घेऊन आले. त्यांनी सासूबाईंना समजावलं, ह्यांना समजावलं. ह्यांनी त्याच दिवशी माणूस पाठवून आदिलाबादहून गोळ्या मागवल्या. मला वाटलं, जिंकले. मी भाकरी केली आणि भाऊजींपुढे गोळी धरली.

त्यांनी गोळीकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "स्वामीले काय बिमारी हाय?"

गुरुस्वामींनी सांगितलं, ह्यांनी सांगितलं, सासूबाई तर रडल्या. भाऊजींनी मान फिरवली. त्यांना आतून सांगण्यात आलं होतं की गोळी ट्रकवाल्यांची आहे. आम्ही सगळे ज्या दिवशी एका बाजूला आलो त्याच दिवशी ते पलीकडे गेलेले होते. गुरुस्वामी बिचारे म्हणाले, यात्रा होऊ द्या, माळ उतरली की ऐकतील. मी म्हणाले, गाडीत बसवूच नका. पण गाठोडं बांधून झालं होतं, गाव निरोपाला जमलं होतं, माझं कोण ऐकतो!

ते गेले आणि धडधाकट परतही आले. गुरुस्वामींनी त्यांना सगळ्या प्रवासात नजरेआड होऊ दिलं नाही, हे मला त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. आल्यावर माळ आईच्या हातानं उतरवायची रीत आहे. सगळे देवळात जमले. एकेकाची आई पुढे होत होती, माळ उतरत होती, आणि उतरलेल्यांपैकी काहींचे पाय तिथूनच शिंदीच्या दुकानाकडे वळत होते. ते दरवर्षीचंच. सासूबाईंनी नवं लुगडं नेसून हात पुढे केला. भाऊजी मागे सरकले. त्या अजून एक पाऊल पुढे गेल्या, तर त्यांनी दोन्ही हातांनी माळ गच्च धरली आणि देवळाबाहेर निघून गेले. सासूबाई हात तसाच धरून उभ्या राहिल्या.

त्यानंतर भाऊजी घरी झोपायला आले नाहीत. रस्त्याकडच्या हनुमानाच्या देवळापाशी लिंबाखाली बसायचे. काळे कपडे विटून राखेच्या रंगाचे झाले. शिंदीला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही. ट्रकवाले गाडी थांबवून पाया पडायचे, नारळ ठेवायचे. आता हॉर्न शिव्या देत नव्हते, हुकूम सोडत होते. आज जेवू नको, उद्या उन्हात उभा राहा. आणि भाऊजी ते पाळत होते. त्यांच्या बरगड्या मोजता येतील असे ते झाले.

मी ह्यांच्याबरोबर पुन्हा नागपूर गाठलं. डॉक्टर खूश झाले. "दारू पूर्ण बंद? अरे वा! मग आता घेऊन या की." मी सांगितलं, येत नाहीत. "मग माणूस बघितल्याशिवाय मी काय करणार?" म्हणाले, आणि बेल वाजवली. शिबिरवाले गृहस्थ बाजारात भेटले तर म्हणाले, बघा, इच्छाशक्ती असली की सगळं होतं. सोनाळ्याकडच्या दोन बायका, कधी न पाहिलेल्या, पत्ता काढत माझ्या दारी आल्या. "बाई, तुमच्या दिराची सुटली म्हनतेत. आमच्या मानसाले काय द्याव ते सांगा ना." त्यांचे चेहरे इतके आशेनं भरलेले होते की मला त्यांच्यावर ओरडता आलं नाही. पाणी दिलं आणि मला माहीत नाही म्हणाले. त्यांना वाटलं, मी मुद्दाम सांगत नाही. जाताना कुजबुजत गेल्या.

चैत्राच्या एका दुपारी मी भाकरी, वांग्याची भाजी आणि गोळी घेऊन लिंबाखाली गेले. डांबर पायाला चटके देत होतं आणि भाऊजी अनवाणीच. रस्ता जरा मोकळा होता, ट्रक नव्हते. त्यामुळे असेल, त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. कित्येक दिवसांनी त्यांनी मला ओळखून पाहिलं.

"वैनी," म्हणाले, "लय थकलो."

मी खाली बसले. म्हणाले, "मंग चाला ना घरी. गोळी घ्या, झोपा. कोनी काई म्हननार नाही. माळ ठेवा वाटलं तं, मी आत्याबाईले सांगतो. माळ बी ठेवा अन् गोळी बी घ्या."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "गोळी घेतली का मी बिमार. मंग स्वामी कसा?" त्यांनी विचारलं, "माळ काढली तं तुमी मले काय म्हनान?"

"भाऊजी म्हनन. आतापावतो काय म्हनलं?"

"अन् बाकीचे?"

मला बोलायला कधी शब्द कमी पडलेले नाहीत. नवऱ्याला, सासूला, डॉक्टरला, सगळ्यांना मी तोंडावर बोलले. पण त्या माणसाशी मी आजवर खोटं बोलले नव्हते, आणि खरं काय ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी भाजी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहत भाकरी संपवली, सगळी, भाजीसकट. बोटं लुंगीच्या कोपऱ्याला पुसली. मग मी पानावर ठेवलेली गोळी उचलून त्यांनी माझ्या हातावर परत ठेवली आणि माझी मूठ आपल्या हातानं मिटून दिली.